टर्बो फोर-स्ट्रोक विकावी का? स्नोई रेंजमधल्या एका स्लेडचं प्रकरण

हे प्रकरण माझ्या एका मित्राचं आहे. तो अमेरिकेत, वायोमिंगमधल्या लॅरमीला राहतो आणि हिवाळ्यात सुट्टी मिळाली की सेंटेनियल गावावरून स्नोई रेंज या डोंगररांगेत स्नोमोबाइल घेऊन चढतो. त्याच्याकडे टर्बो फोर-स्ट्रोक स्लेड (स्वार स्नोमोबाइलला स्लेडच म्हणतात) होती: तीन सिलिंडर, लिटरभर क्षमतेचं इंजिन, १६२ इंची ट्रॅक. बरोबरच्या मंडळींनी एकेक करून ८५० सीसीच्या फॅक्टरी टर्बो टू-स्ट्रोक घेतल्या होत्या. याला मात्र आपल्या इंजिनाचं प्रेम सुटेना. माझं शिक्षण आणि नोकरी दोन्ही इंजिनांच्या अवतीभवती, त्यामुळे त्याने मला गाठलं. म्हणाला, ‘तू हिशोब मांडून दे. विकायची की ठेवायची ते मी ठरवतो.’

आधी थोडं डोंगरी स्लेडविषयी. स्नोमोबाइलला पुढे दोन स्की आणि मागे एक रुंद रबरी ट्रॅक असतो. सपाट, दाबून गुळगुळीत केलेल्या वाटांवर धावणाऱ्या स्लेड वेगळ्या आणि डोंगरात चढणाऱ्या वेगळ्या. डोंगरी स्लेडचा ट्रॅक लांब असतो, १५४ पासून १७५ इंचांपर्यंत. त्यावरचे रबरी दात अडीच ते तीन इंच उंच असतात. समोरच्या दोन स्की एकमेकींच्या जवळ असतात, म्हणजे स्लेड सहज एका कुशीवर कलते. डोंगरातली सगळी कला या कलण्यात आहे. भुसभुशीत बर्फात हँडलबार फिरवून वळता येत नाही. वजन एका बाजूला टाकायचं, हँडल उलट दिशेला द्यायचं, स्लेड एका कडेवर उभी करायची आणि थ्रॉटलने ती तशीच धरून ठेवायची. तीव्र उतार आडवा कापतानाही हेच करावं लागतं. स्वार याला साइडहिल म्हणतात. इंजिनांविषयी इतकंच: टू-स्ट्रोकमध्ये सिलिंडर क्रँकच्या दर फेरीला पेटतं, फोर-स्ट्रोकमध्ये दोन फेऱ्यांत एकदा. पुढचं सगळं समजायला एवढं पुरे.

उंचीचा हिशोब

स्नोई रेंजमधून जाणारा महामार्ग १३० हिवाळ्यात बंद असतो. त्याची खिंड १०,८४७ फुटांवर आहे, म्हणजे सुमारे ३,३०० मीटर. शेजारचं मेडिसिन बो शिखर १२,०१३ फूट. लॅरमी शहरच सात हजार फुटांच्या वर आहे. थोडक्यात, इथे इंजिनाला समुद्रसपाटीची हवा कधीच मिळत नाही.

तीन हजार मीटरवर हवेचा दाब समुद्रसपाटीच्या साधारण ७० टक्के उरतो. ज्या इंजिनाला टर्बो नाही, त्याची ताकद जवळपास त्याच प्रमाणात उतरते. स्वारांचा ठोकताळा असा आहे की दर हजार फुटांना तीन टक्के जातात. खाली १६५ हॉर्सपॉवर देणारी स्लेड खिंडीजवळ ११५ च्या आसपास येते. कार्ब्युरेटर नसले आणि इंधनाचं माप कॉम्प्युटर बघत असला तरी यात फरक पडत नाही. कॉम्प्युटर हवा कमी आहे हे ओळखून पेट्रोल कमी सोडतो, पण हवा कुठून आणणार? शिवाय क्लचचाही प्रश्न येतो. स्लेडमध्ये मोटारीसारखे बदलायचे गिअर नसतात, बेल्टवर चालणारे दोन क्लच असतात. इंजिनाची ताकद घटली की क्लचमधली वजनं बदलावी लागतात, नाहीतर इंजिन आपल्या योग्य आरपीएमला पोचत नाही आणि आधीच कमी झालेली ताकदही पूर्ण वापरता येत नाही.

टर्बो हे गणित बदलतो. एक्झॉस्टच्या जोरावर फिरणारा कॉम्प्रेसर विरळ हवा दाबून इंजिनात भरतो. खाली जितका दाब मिळत होता तितकाच वर मिळावा म्हणून तो जास्त जोराने फिरतो. एका मर्यादेपर्यंत हे जमतं, त्यापुढे टर्बोचीही दमछाक होते आणि ताकद पुन्हा उतरू लागते.

आता इतिहास, कारण या प्रश्नाचं मूळ तिथेच आहे. यामाहाने २००३ च्या मॉडेलमध्ये आरएक्स-१ आणली. आर-वन मोटरसायकलच्या इंजिनावर आधारलेली ही फोर-स्ट्रोक स्लेड जड होती, पण तिने एक गोष्ट सिद्ध केली: फोर-स्ट्रोकही वेगवान असू शकते. फोर-स्ट्रोकला टर्बो जोडणं हे मोटार उद्योगाला दशकानुदशकं ठाऊक असलेलं तंत्र आहे. तेलाचा दाब आहे, व्हॉल्व्ह आहेत, एक्झॉस्टचा प्रवाह कुठून कुठे जाणार हे ठरलेलं आहे. २०१७ च्या मॉडेलमध्ये यामाहाचीच साइडवाइंडर ९९८ सीसीचं टर्बो इंजिन घेऊन आली आणि तिची एम-टीएक्स ही डोंगरी आवृत्तीही निघाली. त्या काळात दहा हजार फुटांवर कारखान्याच्या वॉरंटीसह पूर्ण ताकद हवी असेल तर फोर-स्ट्रोक टर्बो हाच रास्त रस्ता होता. माझ्या मित्राने आपली स्लेड घेतली ती याच विचाराने, आणि तो विचार तेव्हा अगदी बरोबर होता.

टू-स्ट्रोकला टर्बो लावणारे तेव्हाही होते, पण बाहेरून किट आणून. टू-स्ट्रोकमध्ये ट्यून केलेला पाइप हा जणू इंजिनाचाच एक भाग असतो. एक्झॉस्टची लाट त्या पाइपच्या निमुळत्या टोकावर आपटून परत येते आणि सिलिंडरमधून निसटू पाहणारं ताजं मिश्रण आत ढकलते. त्या वाटेत टर्बो बसवला की लाटेचं आणि दाबाचं सगळं गणित नव्याने जुळवावं लागतं. दाब थोडा जास्त झाला, पेट्रोल थोडं कमी ऑक्टेनचं भरलं गेलं, की डेटोनेशन, म्हणजे मिश्रण आत स्फोटासारखं एकदम पेटतं. पिस्टनला भोक पडायला काही सेकंद पुरतात. अशा किटवाले स्वार सोबत रेसिंगचं इंधन बाळगत आणि गेजवर डोळा ठेवून चढत.

२०२० च्या मॉडेलमध्ये स्की-डूने समिट ८५० ई-टेक टर्बो बाजारात आणली. कारखान्यातूनच टर्बो बसवून आलेली ती पहिली टू-स्ट्रोक स्नोमोबाइल. कंपनीचा दावा ८,००० फुटांपर्यंत १६५ हॉर्सपॉवर कायम राखण्याचा होता. पुढे टर्बो आर आवृत्तीत आकडा १८० वर गेला. पोलारिसने २०२२ च्या मॉडेलमध्ये पेट्रियट बूस्ट आणली. एका अर्थी माझ्या मित्राच्या प्रश्नाचं अर्धं उत्तर याच दोन मॉडेलनी देऊन टाकलं. फोर-स्ट्रोक टर्बोकडे वळण्याचं मुख्य कारण उंची होतं, आणि ते कारण आता हलक्या स्लेडमध्येही सोडवलं गेलं होतं. उरलेलं अर्धं उत्तर वजनात होतं, आणि त्याला ते मान्य होईना.

कागदावर बरोबरी

त्याचा युक्तिवाद चोख होता. तो म्हणाला, ‘माझ्या इंजिनाला ताकद जास्त आहे. वजन जास्त असेल, पण भागाकार केला तर फरक कुठे पडतो?’

आम्ही भागाकार केला. टाकी भरून त्याची स्लेड ढोबळमानाने २९५ किलो धरली, टू-स्ट्रोक २४०. स्वार, बूट, हेल्मेट, पाठीवरची बॅग मिळून १००. फोर-स्ट्रोकला २०० हॉर्सपॉवर धरले, टू-स्ट्रोकला १८०. दर किलोमागे एकीकडे ०.५१, दुसरीकडे ०.५३. म्हणजे जवळपास सारखंच. ईसीयू, म्हणजे इंजिनाचा कॉम्प्युटर, रीफ्लॅश केला (त्यातला प्रोग्रॅम बदलला) की ही फोर-स्ट्रोक इंजिनं अडीचशेच्याही पुढे जातात, मग तर पारडं उलट्या बाजूला झुकतं. उघड्या सरळ चढावर ती खरोखरच कुणाला हार जात नाही. त्याच्या मनातला पेच इथून आला होता: मोकळ्या चढावर सगळ्यांच्या पुढे असणारी स्लेड दिवसअखेर सगळ्यात जास्त दमवते, असं का?

याचं कारण असं की डोंगरात बहुतेक वेळ आपण पूर्ण ताकद वापरतच नाही. हा भागाकार पूर्ण थ्रॉटलचा आहे, आणि झाडीत पूर्ण थ्रॉटल क्षणभरही टिकत नाही. तिथे उरतं ते नुसतं वजन. दोन्ही स्लेडचा ट्रॅक सारख्याच क्षेत्रफळाचा धरला तर फोर-स्ट्रोक बर्फावर सुमारे १६ टक्के जास्त भार टाकते. ताज्या पावडरमध्ये याचा अर्थ ती तितकी खोल बसते, आणि खोल बसली की पुढचं बर्फ ढकलण्यात ताकद जाते. हलकी स्लेड कमी वेगातही वर तरंगते. जड स्लेडला तरंगायला वेग लागतो, आणि झाडांमध्ये वेग धोक्याचा.

त्यातही ते वजन कुठे आहे हे मला एकूण आकड्याइतकंच महत्त्वाचं वाटतं. फोर-स्ट्रोकमध्ये सिलिंडर हेड, कॅमशाफ्ट, व्हॉल्व्ह, तेलाचा साठा, टर्बो, दाबलेली हवा गार करणारा इंटरकूलर हे सगळं पुढच्या भागात आणि बरंचसं उंचावर येतं. टू-स्ट्रोकच्या हेडमध्ये व्हॉल्व्हच नाहीत. स्लेड कुशीवर कलवताना आपण हाच उंचावरचा भार ओढत असतो. रिव्हर्सचं उदाहरण घ्या. टू-स्ट्रोक इंजिन उलट्या दिशेनेही चालू शकतं. बटण दाबलं की इंजिन मंदावतं, ठिणगीची वेळ बदलते, क्रँक उलटा फिरू लागतो आणि स्लेड मागे जाते. एकही जादा दाता लागत नाही. फोर-स्ट्रोकमध्ये कॅम आणि व्हॉल्व्ह यांच्या वेळा एकाच दिशेसाठी बांधलेल्या असतात, म्हणून तिथे रिव्हर्सचा वेगळा गिअर बसवावा लागतो. अशा लहान लहान गोष्टींतूनच पन्नास किलो साठतात.

झाडीतला तो तास

आकड्यांवर वाद मिटेना, तेव्हा आम्ही एका दिवसासाठी स्लेड अदलाबदल करून बघायचं ठरवलं. त्याच्या गटातल्या एकाने आपली टर्बो टू-स्ट्रोक त्याला दिली, आणि त्याची फोर-स्ट्रोक मी घेतली. आदल्या दोन दिवसांत चांगलं बर्फ पडलं होतं. हिमस्खलनाचा अंदाज वाचूनच आम्ही फक्त कमी उताराच्या झाडीत राहायचं नक्की केलं होतं.

सकाळी लिबी फ्लॅट्सच्या वाटेवर फोर-स्ट्रोकने माझं मन जिंकलं. हे पठार उघडं आहे, वारा बर्फ घासून टणक करतो. तिथे हे इंजिन सुरेख वाटतं. आवाज खोल आणि शांत, कंप जवळजवळ नाही, थ्रॉटल दाबला की एकसंध जोर. उतारावर थ्रॉटल सोडला की इंजिनच स्लेड धरून ठेवतं, ब्रेकला बोट लावावं लागत नाही. नुसतं हेच चालवायचं असतं तर मी त्याला म्हटलं असतं, ठेव, विचारही करू नको.

मग आम्ही झाडीत शिरलो. मेडिसिन बोच्या या जंगलात खोडकिड्यांनी मारलेली झाडं पुष्कळ आहेत. काही वाळून उभी, काही बर्फाखाली आडवी. त्यामुळे दोन झाडांमधून वाट काढताना खाली काय आहे हे दिसत नाही. अशा जागी स्वार सतत थ्रॉटल देतो आणि सोडतो: थोडा द्यायचा, कल धरायचा, थोडा सोडायचा. इथे दोन गोष्टी एकदम लक्षात आल्या. पहिली, मघाशी उतारावर मदत करणारं ते इंजिन ब्रेकिंग. आडव्या उतारावर थ्रॉटल जरा कमी केला की स्लेड आवळल्यासारखी थबकायची, नाक खाली जायचं आणि स्की बर्फात रुतायच्या. दुसरी, टर्बोचा उशीर. थ्रॉटल पुन्हा दिला की क्षणभर काहीच नाही, आणि मग हवी त्याहून जास्त ताकद एकदम. एका झाडाला वळसा घालताना तो एक क्षण हातातून गेला. स्लेड कडेवरून खाली बसली, दोन्ही स्की उताराच्या बाजूला वळल्या आणि ती एका स्प्रूसच्या बुंध्याभोवतीच्या खळग्यात सरकली. डावी स्की बर्फाखालच्या आडव्या खोडात अडकली.

अशी अडकलेली स्लेड काढायची ठरलेली पद्धत आहे. आधी फावड्याने रनिंग बोर्डखालचं (पाय ठेवायच्या पट्ट्यांखालचं) बर्फ उपसायचं, कारण स्लेड ट्रॅकपेक्षा त्या बोर्डांवरच जास्त टेकलेली असते. मग खालच्या बाजूचं बर्फ पायांनी तुडवून ओटा करायचा. स्कीच्या कड्याला धरून नाक ओढायचं, आणि गरज पडली तर अख्खी स्लेड उताराकडे लोळवून तिचं तोंड फिरवायचं. मी उपसलं, तुडवलं, कड्याला धरून ओढलं. नाक हललं, पण खोडावरून सुटेना. दहा हजार फुटांवर चार वेळा जोर लावला की छाती भरून येते आणि दोन मिनिटं उभं राहावं लागतं. तोवर आतल्या कपड्यांना घाम सुटलेला असतो आणि थांबलं की तोच घाम गार पडू लागतो. शेवटी मदतीला दुसरा आणि मग तिसरा माणूस आला, दोघांनी कडी धरली, एकाने मागचा बंपर उचलला, तेव्हा स्लेड निघाली. यात बराच वेळ गेला.

त्याच झाडीत माझा मित्रही अडकला होता, टू-स्ट्रोकवर. नवखेपणामुळे माझ्याआधीच. त्याने एकट्याने नाक फिरवलं, बटण दाबून हातभर मागे घेतली आणि निघून गेला. खाली भेटल्यावर तो इंजिनाबद्दल काही बोललाच नाही. म्हणाला, ‘एकट्याला निघाली रे.’ या प्रकरणातला सगळ्यात मोलाचा पुरावा मला हाच वाटतो. त्याच्या मशीनच्या ताकदीविषयी मी कितीही आकडे मांडले असते तरी हे एक वाक्य त्यांच्यावर भारी होतं.

टर्बो टू-स्ट्रोकमध्येही उशीर असतो, तो मी त्याच दुपारी चालवून पाहिला. पण ८५० सीसीचं टू-स्ट्रोक इंजिन बूस्ट, म्हणजे टर्बोचा जादा दाब, नसतानाही चटकन उठतं, कारण त्याचं प्रत्येक सिलिंडर दर फेरीला पेटतं. त्यामुळे बूस्ट येईपर्यंतची दरी उथळ राहते. फोर-स्ट्रोकमध्ये तेच सिलिंडर दोन फेऱ्यांत एकदा पेटतं.

एकट्याने निघणं का महत्त्वाचं

अडकणं म्हणजे नुसता वैताग असता तर मी त्याला एवढं वजन दिलं नसतं. पण साधारण ३० ते ४५ अंशांच्या उतारावर हिमस्खलनाचा धोका असतो, आणि तिथे अडकलेली स्लेड म्हणजे धोक्याच्या जागी ठाण मांडून बसलेला माणूस. अशा उतारावर एका वेळी एकच स्वार असावा हा नियम प्रत्येक प्रशिक्षणात शिकवतात. अडकलेल्याच्या मदतीला दुसऱ्याने वर चढून जायचं नाही, हाही. म्हणजे तिथे आपण खरोखर एकटेच असतो. जी स्लेड काढायला दोन किंवा तीन माणसं लागतात, ती हा नियम मोडायला भाग पाडते. मित्र धावत येतो, कारण त्याला आपली दया येते, आणि मग त्या उतारावर दोघे असतात.

मोठ्या ताकदीचा दुसरा धोकाही सांगायलाच हवा, आणि तो दोन्ही टर्बोंना लागू आहे. उघड्या चढावर कोण जास्त वर जाऊन वळतो या स्पर्धेला हाय-मार्किंग म्हणतात. स्नोमोबाइल स्वारांचे हिमस्खलनातले मृत्यू मोठ्या प्रमाणावर याच प्रकारात झाले आहेत. पूर्वी दम तुटून स्लेड जिथे थांबायची, तिथून पुढे टर्बो आता सहज घेऊन जातो. बीकन (गाडलेल्याचा ठाव देणारं अंगावरचं यंत्र), प्रोब (बर्फात खुपसून शोधायची लांब काठी) आणि फावडं या वस्तू गाडलेल्या माणसासाठी पहिल्या दहा-पंधरा मिनिटांतच खऱ्या उपयोगाच्या. तो वेळ वाया जाऊ नये म्हणून सगळ्यांचा सराव झालेला हवा. माझ्या मते टर्बो विकत घेणाऱ्याने त्याच हंगामात हिमस्खलनाचा अभ्यासक्रम केलाच पाहिजे. याला मी पर्याय मानत नाही.

फोर-स्ट्रोकच्या बाजूने जे खरं आहे ते

त्याच्या बाजूने बोलणाऱ्या गोष्टी कमी नव्हत्या. नीट देखभाल केलेलं फोर-स्ट्रोक इंजिन फार मोठं आयुष्य जगतं. टू-स्ट्रोकमध्ये काही हजार मैलांनंतर पिस्टन आणि रिंग उघडून बघणं हा खर्च धरूनच चालावं लागतं. फोर-स्ट्रोकला हंगामाला एकदा तेल बदललं की झालं. टू-स्ट्रोक तेल पेट्रोलबरोबर जाळते, त्याचे डबे दर वर्षी घ्यावे लागतात आणि लांबच्या दिवशी एक जादा बाळगावा लागतो. धूर आणि वास आता पूर्वीसारखा नाही, तरी आहेच. यलोस्टोन राष्ट्रीय उद्यानात हिवाळी वाहतुकीसाठी प्रदूषणाचे आणि आवाजाचे कडक नियम झाले, त्यानंतर तिथल्या मार्गदर्शकांच्या ताफ्यांत फोर-स्ट्रोक स्लेड आल्या. ते योग्यच झालं. तिथे दाबलेल्या रस्त्यांवर रांगेत चालायचं असतं, वजनाचा प्रश्नच येत नाही.

उलट बाजूला थंडीतलं स्टार्टिंग आहे. बॅटरी गेली तर इतकं मोठं फोर-स्ट्रोक इंजिन दोरी ओढून सुरू होत नाही. बहुतेक डोंगरी टू-स्ट्रोकला दोरी असतेच.

पैशांचा हिशोब आम्ही फार वेळ केला नाही. नवी टर्बो टू-स्ट्रोक वीस हजार डॉलरच्या आसपास जाते, आणि ती रक्कम कुठल्याही मायलेजच्या गणिताने भरून निघत नाही. एका गोष्टीने मात्र त्याला हलवलं. यामाहाने २०२३ मध्ये स्नोमोबाइलच्या व्यवसायातून बाहेर पडत असल्याचं जाहीर केलं. उत्तर अमेरिकेत २०२५ चं मॉडेल शेवटचं. त्याआधीच, २०२१ च्या मॉडेलमध्ये, त्यांनी डोंगरासाठी माउंटन मॅक्स आणली होती आणि तिचं इंजिन टू-स्ट्रोक होतं. फोर-स्ट्रोकवर सगळी प्रतिष्ठा पणाला लावलेली कंपनीच खोल पावडरसाठी टू-स्ट्रोककडे वळली, यातून जे समजायचं ते समजतं. जड डोंगरी स्लेडना पुढे गिऱ्हाईक कमी होत जाणार, म्हणून विकायची तर लवकर, एवढं व्यवहारी मत मी दिलं.

एक तिसरा पर्याय मी त्याच्यासमोर ठेवला होता आणि अजूनही तो मला अनेकांसाठी चांगला वाटतो: टर्बो नसलेली ८५० टू-स्ट्रोक. किंमत कमी, वजन आणखी कमी, उशीर अजिबात नाही. खिंडीजवळ तिच्याकडे ११५ हॉर्सपॉवरच उरतात हे खरं, पण दाट झाडीत ते पुरतात. वर्षानुवर्षं लोक याहून कमी ताकदीवर याच डोंगरांत फिरले. कॅनडात रेव्हलस्टोकसारख्या ठिकाणी, जिथे गाव पाचशे मीटरच्या आतच आहे आणि स्वारी तुलनेने खालच्या उंचीवर होते, तिथे मी टर्बोसाठी पैसे घालण्याआधी दोनदा विचार करीन. स्नोई रेंजला मात्र सुरुवातच आठ हजार फुटांच्या वर आहे. शिवाय त्याच्या गटातले सगळे टर्बोवर असल्याने लांब चढांवर तो कायम मागे राहिला असता आणि त्यांना गाठायच्या नादात नको तिथे जोर लावला असता. त्याच्यासाठी टर्बो टू-स्ट्रोक हेच माझं उत्तर होतं.

पुढे काय झालं

त्याने फोर-स्ट्रोक विकली. घेणारा माणूस मैदानी वाटांवर लांब पल्ल्याची स्वारी करतो. झाडीत जात नाही. विकताना मित्राने ट्रॅकचे उंच दात कठीण वाटांवर तापून झिजतात हे त्याला स्पष्ट सांगितलं, आणि ट्रॅक बदलण्यापुरती किंमत कमी केली.

नवी स्लेड १६५ इंची ट्रॅकची टर्बो टू-स्ट्रोक आहे. पहिल्या काही फेऱ्यांत त्याला जमत नव्हतं ते वजन टाकण्याचं माप. जड स्लेड कलवायला त्याला सगळं अंग एका बाजूला फेकायची सवय होती. हलकी स्लेड तेवढ्याने पार उलटायची. आता तो पाय बदलण्यापेक्षा गुडघा आणि कंबर वापरतो. पेट्रोल ९१ ऑक्टेनचंच भरायचं, आणि वाटेतल्या छोट्या पंपावर ते नसेल तर आधीच लॅरमीत टाकी भरून निघायचं, ही शिस्त त्याने लावून घेतली आहे. क्लचची वजनं कारखान्यातून आली तशीच आहेत. खिंडीपर्यंत इंजिन योग्य आरपीएम धरतंय, म्हणून मी त्यांना हात लावू दिला नाही. खिंडीच्या वर आरपीएम थोडा उतरतो. पुढच्या हंगामात जरा हलकी वजनं घालून बघायची की आहे तेच ठेवायचं, यावर आमचं अजून एकमत झालेलं नाही. बेल्ट तापतोय का हे तो प्रत्येक लांब चढानंतर हात लावून बघतो, आणि जादा बेल्ट बॅगेत असतोच.